जास्त झालं म्हणून कमी

रबाळ्याच्या एमआयडीसीत, पत्र्याच्या शेडमध्ये
स्प्रिंगा दाबून बघणारं एक यंत्र आहे.
त्याचा मेंदू एकोणीसशे त्र्याण्णव सालचा,
काळा पडदा, हिरवी अक्षरं,
आणि लुकलुकणारी एक रेघ,
कुणीतरी काही विचारेल म्हणून जागी राहिलेली.

बोर्ड गेला गणपतीनंतरच्या मंगळवारी.
कासलीवालांनी नवा आणला, म्हणजे दुसऱ्या कुणाचा टाकलेला,
तरी जुन्याच्या जवळजवळ हजारपट मेमरीचा.
चालू केला तर पडद्यावर आलं:
मेमरी अपुरी आहे.

मढवीमामा, तीस वर्षं त्याच स्टुलावर, हसले.
"अगो, तीन जीबी हाय ना त्याच्यात?
मंग उपाशी कसा?"

मामा, याला मोजायला जेवढी बोटं दिली होती
त्यांच्यापुढे आकडा गेला
की तो उलटा फिरतो, शून्याखाली उतरतो.
इतकं आहे, की त्याला ऋण दिसतं.

मामांनी चहाचा ग्लास खाली ठेवला.
"आमचे बापाचा पन तसाच जाला.
जमिनीचे पैसे आले, त्याला मोजताच आले नाय."
शेडच्या पलीकडे बोट केलं,
जिथे आता ट्रक मागे घेतात.

रात्री घणसोलीला, सेक्टर नऊमध्ये,
मी डिस्कचे सेक्टर वाचत बसले.
एक्स्टेंडर म्हणजे मधला माणूस:
प्रोग्राम सहाशे चाळीसच्या खोलीत वाकून उभा,
आणि हा माळ्यावर चढून हवं ते काढून देणारा.
मधला पट्टा राखीव,
सिडकोच्या नकाशावर असतो तसा,
आखलेला, नाव घातलेला, बराचसा मोकळा.
एकविसाव्या तारेवर फाटक,
आणि फाटकाची चावी कीबोर्डच्या चिपकडे.
का? तिचा एक पाय रिकामा होता, म्हणून.
नव्या बोर्डावर ती चिपच नाही.
तिच्या नावानं दुसरंच कुणी ओ देतं.

मूळ लिहिणाऱ्या एच. सबनीस.
एका ओळीच्या शेवटी, रोमन अक्षरांत, मराठी टीप:
चौसष्टच्या पुढे कोण जाणार. गेलाच तर माफ कर.
केलं, बाई.
तिच्याखाली मी माझी तारीख घातली.

मग प्रोसेसर.
त्याला विचारायचं एकच: तू कोण?
जुन्या प्रोग्रामला तीनचार उत्तरं पाठ,
हा पाढे म्हणावे तसा म्हणतच राहतो.
त्याच्याकडे आठ नवे रुंद कप्पे आहेत,
पण तो ते उघडत नाही
जोवर कुणी एक बिट वर करून शब्द देत नाही:
मध्येच उठावं लागलं एखाद्याला
तर त्याच्या हातातलं मी सांभाळीन,
परतल्यावर जसंच्या तसं देईन.

डॉसनं असा शब्द कधी दिला नव्हता.
तिथे मध्येच उठणारं कुणी नव्हतंच.
म्हणून मी दिला. एक बिट,
आणि त्याच्यामागे पाचशे बारा बाइटांची जागा,
सोळाच्या पटीतल्या पत्त्यावर.
स्प्रिंग दाबायला हे लागतं का?
नाही लागत. राहवलं नाही.

शनिवारी यंत्र सुरू झालं.
पडद्यावर: मेमरी चौसष्ट.
"आनि बाकीची?"
आहे. अंधारात. त्याला पेलवेल तेवढीच सांगितली.
"म्हंजे खोटं बोललीस."
कमी बोलले, मामा.

ते बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले.
"बापाला कोनी असा सांगाया पायजे होता,"
म्हणाले, आणि पहिली स्प्रिंग ठेवली.

दोनशे बारा किलो.
जुन्या रजिस्टरात त्याच घडणीची,
दोनशे बारा, पेन्सिलीनं.
मग भार काढला. स्प्रिंग परत आली,
पूर्ण नाही,
मिलिमीटरचा दहावा भाग राहिलाच.

तेवढा चालतो, असं म्हणत
मामा पेन्सिलीचं टोक शोधू लागले.