गडग्याच्या अलीकडे

आमच्यात असा रिवाज आहे:
झाड पास्कूबाबाचं, फांदी आमच्या परड्यात वाकलेली,
तर गडग्याच्या अलीकडे पडला तो आंबा आमचा.
उचलायचा. विचारायचं नाही.
यावरून शिव्या झाल्यात, एकदा कोयताही निघालाय,
पण रिवाज मोडला नाही कुणी.

त्याचं नेट मी असंच उचललं.

पासवर्ड भिंतीवर होता, सायबिणीच्या तसबिरीखाली,
वायरवाल्या पोराने पेन्सिलीने लिहिलेला.
मुलाचं नाव, रॉक, आणि त्याचं जन्मसाल.
मी कोकमाची बरणी परत द्यायला गेले होते.
"बस गो," म्हणाला, आणि चहा टाकायला आत गेला.
तेवढ्यात डोळ्यांनी आठ अक्षरं गिळली.
चहाही घेतला. साखर जास्त होती.

मग मशीन मागच्या पडवीत हलवलं.
नवऱ्याला म्हटलं, इकडे उजेड बरा.
उजेड नव्हता. इकडे दोन काड्या यायच्या,
आभाळ कोरडं असेल तर तीन.
त्या काड्यांवर मी शिकले मागच्या गळ्याचे तेवीस प्रकार:
मटका, पान, दोरीला लटकन सोडलेला,
आणि कटोरी ब्लाउज, जो वेंगुर्ल्यातला मास्तर
चारशे रुपये घेऊन बिघडवतो.
शिवण आवरली की एक कुठली तरी बाई
दारासमोरचा बर्फ फावड्याने ओढते, ते बघायचे.
कारण काही नाही. बरं वाटायचं.

पैसे आले हातात, खोटं कशाला बोलू.
गौरींना सतरा ब्लाउज.
त्याच्या घरातला एक नारळ कमी झाला नाही,
एक वाटी भांडं हललं नाही.
हवेत सांडतं त्याला माप कोण लावतो?

एका सोमवारी तो गडग्याशी आला,
केळीच्या पानात सुंगटं बांधून.
"गो, माझो झील हल्ली बोलता बोलता थिजता.
थंडीत खोबरेल थिजता ना, तसो.
तोंड उघडा, डोळे अर्धे.
थय बर्फ आसा म्हणान काय गो?"

रॉक तिकडे मासे कापायच्या कारखान्यात आहे.
फोन रविवारी, रात्री साडेआठला.
त्या वेळेला मी बर्फवाली लावलेली असते.

सुंगटं सोलली. कालवण केलं.
कोकम घालायला विसरले, घरात कुणी जेवलं नाही धड.

पुढच्या रविवारी मोबाइल बंद करून
तुरीच्या डब्यात पुरला.
पलीकडून रॉकचा आवाज, सलग, कुठेही न अडता:
पप्पा, गुडघो कसो. गोळये घेतलंस.
पैशे पोचले मा. बरा तर मगे.
चार मिनिटं.
मग खुर्ची सरकली. मग नुसती समुद्राची गाज,
ती काय, सगळ्यांनाच फुकट.

दोन-तीन रविवार असे गेले.
पास्कूबाब परत आला, या वेळी रिकाम्या हाताने,
गडग्यावरचा एक चिरा उगाच नीट बसवत राहिला.
"आता बरो बोलता. भराभर बोलता, नि ठेवता.
थिजायचो तेव्हा मी तेका नीट बघी.
कानाकडचे केस पिकलेत.
हातार कापल्याचो वण आसा, माका कधी सांगूक नाय तेणा.
थांबलो की आवशीसारखो दिसता."

आज रविवार. आठ सत्तावीस.
मशीनवर कुणाचा तरी जांभळा ब्लाउज, बाही लावायची राहिलेली.
मोबाइल मांडीवर.
त्याच्या खिडकीत निळसर उजेड लागलाय.
घेतलं तर चोरी, की न घेतलं तर,
याचा आमच्यात रिवाज नाही.

मी बर्फवाली लावली.
पलीकडे रॉक "पप्पा, गुड—" म्हणाला,
आणि पुढचं आलं नाही.

खुर्ची जवळ ओढल्याचा आवाज आला.