शेरा

धरणाच्या फुगवट्यावर माझं काम एवढंच :
सकाळी आठला पट्टीवरचा आकडा वाचायचा,
वहीत उतरवायचा, सही करायची.
शेवटचा रकाना शेऱ्याचा.
बावीस वर्षं त्यात मी 'निरंक' लिहीत आलो.

एप्रिलात पाणी ओसरलं की
पैठणच्या वरच्या अंगाला, बुडालेल्या गावाच्या जोत्यांपाशी
एक उंचवटा डोकं काढतो,
आधी म्हशीच्या पाठीएवढा, मग खळ्याएवढा.
तिथं नदी सुरय येतात.
घरटं म्हणाल तर काहीच नाही,
छाती टेकून एक गरका, झाली वाळूत खळी.
कचरू लिंबोऱ्यानं होडी लावली,
मी उतरलो, तोच ओरडला :
"सायेब, हलू नका. टाचेपाशी तीन हायेत."
खड्यांत खडे. मला दिसेनात.

त्या दिवशी शेऱ्यात लिहिलं : सुरय, घरटी एकेचाळीस.
वरून लाल शाईत प्रश्न आला :
याचा पाणीपातळीशी संबंध काय?

संबंध हा, साहेब.
दुपारी त्रेचाळीस. वाळूवर भाकर भाजावी.
मादी उठते, पाण्याला पोट घासत जाते,
ओलं पोट घेऊन अंड्यांवर येऊन बसते.
मग नर जातो.
ऊब द्यावी लागते हे ठाऊक होतं,
अंड्याला गारवाही द्यावा लागतो
हे मी चोपन्नाव्या वर्षी शिकलो.
पाणी जितकं लांब, तितकी खेप लांब.
आणि ते रोज बोटभर लांब जातं,
माझ्याच अक्षरात.

दवाखान्यातल्या गायी-म्हशी आटपून
बिराजदार मॅडम येतात.
पिल्लू पायमोज्यात घालून काट्याला टांगतात :
बेचाळीस ग्रॅम, मोजा वजा.
चोचीत बघतात, पंखाखाली बघतात.
एकाच्या पायात नायलॉनचा धागा रुतलेला.
कचरूनं तो कातरला. जाळं त्याचंच होतं,
निळ्या रंगावरून कळलं. कोणी बोललं नाही.
चार पिल्लं मेलेली. नमुने बर्फात घालून पुण्याला.
तीन आठवड्यांनी कागद : रोग आढळला नाही.
मॅडम म्हणाल्या,
"रोग असता तर निदान औषध शोधलं असतं."

त्याच्या आधीची गोष्ट.
नऊ मेला आकडा उतरला
आणि बेटाला मान फुटली,
चिखलाची, दोन हात रुंद, थेट काठापर्यंत.
सकाळी मानेवर कुत्र्यांची पावलं,
जातानाची, येतानाचीही.
कचरू, मी, आणि गाळपेऱ्यात टरबूज लावलेला इस्माईल,
रात्री फावडी घेऊन ती मान कापली.
मांडीभर पाणी आत आलं. चार दिवस टिकलं.
मग पुन्हा चिखल, पुन्हा फावडी.
इस्माईल म्हणाला, माझ्या वेलांना इतकं खणलं असतं तर...
आणि खणत राहिला.
हे वहीत नाही.

सतरा नंबरची अजून बसून आहे.
एकतीस दिवस. इतरांची पिल्लं पाण्यापर्यंत धावतात.
मॅडमनी तिन्हीसांजेला तिचं अंडं तळव्यावर घेऊन
मोबाइलचा टॉर्च खालून लावला :
आत नुसता उजेड. एक शीर नाही.
"हिला सांगावं कोणी?" कचरू.
अंडं होतं तिथंच, होतं त्याच कुशीवर ठेवलं.

आज आठ वाजता पट्टीवर आणखी बोट कमी.
दुर्बिणीतून ती दिसली, पोट भिजवून परत येताना,
वाटभर थेंब गळत.
आकडा लिहिला. सही केली.
शेऱ्यात सवयीनं पहिलं अक्षर काढलं
आणि पेन पुढं सरेना.
पान तसंच आहे, साहेब, तपासून घ्या :
४५७.३१, माझी सही, नि