लाल कुलूप

पहिल्या दिवशी त्यांनी मला स्पॅनर दिला नाही.
एक लाल कुलूप दिलं, एक किल्ली,
आणि पत्र्याच्या पट्टीवर ठोकलेलं माझं नाव:
मुइरन हेगार्टी, शिकाऊ.
दुसरी किल्ली कुणाकडे असते, मी विचारलं.
फिनबार म्हणाला, नसते.

खिडकीबाहेर रिंगास्किडीचं बंदर धुक्यात गेलेलं,
पलीकडे कोव्हच्या चर्चचा सुळका तेवढा वर,
कुणी तेलाची पातळी बघायला बुडवून विसरलेल्या सळईसारखा.

मग सहा महिने नुसतं ऐकणं.
स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या अंगावर,
मूठ कानामागच्या हाडाला टेकवून.
चांगलं बेअरिंग कंटाळवाणं बोलतं, फिनबार सांगायचा,
रविवारच्या प्रवचनासारखं, एका सुरात.
ज्या दिवशी त्यात गोष्ट सुरू होईल
त्या दिवशी मला हाक मार.

बोल्ट समोरासमोरचे आवळायचे, ओळीनं नाही.
टॉर्क रेंचनं टक् म्हटलं की थांबायचं.
हौस म्हणून आणखी एकदा ओढलंस
तर ते तुझ्या समाधानासाठी, सांध्यासाठी नव्हे.

भिंतीपलीकडे स्टीलच्या टाक्या,
त्यात पेशी वाढतात सदतीस अंशांवर,
बाळंतिणीच्या खोलीसारखी राखलेली ऊब.
त्यांचं औषध होतं म्हणे. मी ते पाहिलेलं नाही.
आई विचारते, तिथे तू बनवतेस काय?
काहीच नाही. काही बंद पडू नये एवढं बघते.
हात पुसत आई म्हणाली,
म्हणजे माझंच काम की.

नोव्हेंबरातला शुक्रवार. तीनशे बारा नंबरचा पंप.
सील बदललं, हत्यारं मोजून ठेवली, सही केली,
बस पकडली. शानबालीच्या अलीकडे
रुमालासाठी खिशात हात घातला
आणि हाताला लागली किल्ली.

पोटात गोळा येणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं.
माझं नाव त्या व्हॉल्व्हवर लटकत होतं.
फोन लॉकरमध्ये. उलट्या दिशेची बस तासानं.
मी चालत सुटले, मग पळत,
ट्रकचे दिवे अंगावर घेत.

पंपाभोवती नऊ माणसं उभी.
शिफ्टचा साहेब घड्याळ बघतोय,
भिंतीला टेकवलेली लांब दांड्यांची कात्री.
कुलूप तोडायची रीतसर सोय असते,
फॉर्म असतो, तीन सह्या लागतात.
दोन झाल्या होत्या.
तिसरीसाठी फिनबार पालथ्या बादलीवर बसून
पाऊण तास पेन शोधत होता.
पेन त्याच्या कानावर होतं.

मी कुलूप काढलं.
कुणी काही बोललं नाही, तेच जास्त लागलं.
पंप सुरू झाला. त्यानं स्क्रूड्रायव्हर पुढे केला.
ऐकलं. प्रवचन.
ठीक, तो म्हणाला, आणि डब्यातलं उरलेलं अर्धं सँडविच
माझ्या हातात दिलं. कांदा फार होता त्यात.

लेखी ताकीद त्याला मिळाली.
हे मला मार्चमध्ये कळलं, कँटीनच्या रांगेत,
दुसऱ्याच कुणाकडून.
विचारलं तर म्हणाला, कसली ताकीद,
आणि ग्रीसगनबद्दल बोलायला लागला.

आता किल्ली गळ्यात असते. झोपतानाही.

गेल्या मंगळवारी तीनशे बारामध्ये
काहीतरी बारीक सुरू झालं,
प्रवचनाच्या मागच्या बाकावर कुणी
दातांनी नख कुरतडावं तसं.
मी हाक मारली.
फिनबारनं टोक टेकवलं, मूठ हाडाला लावली,
डोळे मिटून बराच वेळ उभा राहिला.
मग दुसऱ्या कानानं.

त्याला ऐकू येत नव्हतं.
एकतीस वर्षांच्या पंपांनी त्याच्या कानातले
वरचे सूर कधीच नेले होते,
आणि हे त्याला माहीत होतं, मला नव्हतं.

तुला येतंय? त्यानं विचारलं.
येतंय.
मग बंद कर, तो म्हणाला,
आणि बाजूला झाला,
माझ्या कुलपापुरती जागा सोडून.