पिवळ्याचे दोन गुण

माझगावात आमची शाळा, गोदीच्या भिंतीला पाठ लावून.
मी तिथला पीटीचा मास्तर. माझी इस्टेट:
एक शिट्टी, रस्सीखेचीचा दोर,
आणि हाउसच्या गुणांचा फळा.
लाल, निळा, हिरवा, पिवळा.
चार रकाने, रोज सकाळी खडूने नवे आकडे.

पिवळ्यात मैमुना सिदी, नववी ब.
जूनमध्ये हजेरी घेताना मी तिचे केस पाहिले,
आडनाव वाचलं, आणि तिला न विचारता
रिलेच्या शेवटच्या टप्प्यावर तिचं नाव टाकलं.
"तुझ्या रक्तातच आहे पळणं," असं म्हणालोसुद्धा,
हसत, कौतुकानं.
ती काही बोलली नाही.
डिसेंबरात पळाली. बॅटन हातातून निसटलं,
घरंगळत पाण्याच्या टाकीखाली गेलं,
पिवळा चौथा आला.

मागाहून कळलं, तिला पळणं कधीच आवडलं नव्हतं.
तिला आवडतो कॅरम. आणि बेरजा.
माझा फळा चुकला की तीच हळूच येऊन सांगायची,
"सर, निळ्याचे सात जास्त धरलेत."

जानेवारीत इतिहासाच्या बाईंनी ठरवलं,
या वेळी चारही हाउसनी काळ्या माणसांचा इतिहास मांडायचा.
चिठ्ठ्या काढल्या.
लालला अमेरिका, निळ्याला दक्षिण आफ्रिका,
हिरव्याला धावपटू आणि मुष्टियोद्धे.
पिवळ्याच्या चिठ्ठीवर बाईंच्या वळणदार अक्षरात
एकच शब्द: आपल्याकडचा.
पोरांची तोंडं पडली.
"आपल्याकडे कुठाय?" तन्मेश भोपी म्हणाला.
मैमुना तेव्हा सोंगट्या डबीत भरत होती,
आधी पांढऱ्या, मग काळ्या, मोजून नऊ.
"आहे ना," म्हणाली. झाकण लावलं.

त्या शनिवारी डोंगरीहून तिचे मामा आले,
टॅक्सीच्या टपावर चादरीत गुंडाळलेला मुगरमान.
वॉचमनला वाटलं, फ्रिज आला.

ती माइकसमोर उभी. हातात कागद नाही.
"जंजिऱ्याच्या तोफेवर बसून तुम्ही सगळ्यांनी
सहलीत फोटो काढलेत.
तो किल्ला सिद्द्यांचा.
खडकीला जमिनीखालून पाणी आणणारा मलिक अंबर
लहानपणी बाजारात विकला गेला होता,
एकदा नाही, पुन्हा पुन्हा.
आणि या भिंतीपलीकडे, आगबोटींच्या पोटात
कोळसा ओढणारे सिदी होते.
माझ्या पणजोबांचे वडील त्यांतले.
त्यांचं नाव कुठल्या पाटीवर नाही.
एवढंच घरात उरलंय, की फावडं ते डाव्या हातानं मारत.
मीही डावखुरी."

मग थांबली. म्हणाली,
"घरी जास्त खाल्लं की ओरडतात ना,
हबशासारखं हादडू नकोस?
हबशी म्हणजे मी.
माझ्या डब्यात दोन चपात्या असतात."

हसू फुटलं, पटांगणाच्या मध्यापर्यंत आलं,
आणि तिथंच विरलं.

मामांनी मुगरमानवर थाप दिली.
तन्मेशनं पत्र्याचा डबा घेतला, काहीतरी भलताच ठेका धरला,
मामांनी मान हलवून त्याला ओढून आणला तालात.
सगळा पिवळा उतरला. बॅटनवरून जिच्याशी
महिनाभर अबोला धरला, ती प्राजक्ती पाटकरसुद्धा.
वेळ तीन मिनिटांची होती.
शिट्टी माझ्या ओठांत होती.
नाही वाजवली.
लालातली दोन पोरं रांग मोडून घुसली,
मी दुसरीकडे पाहत राहिलो.

निकाल: हिरवा पहिला, पिवळा तिसरा.
तिसऱ्यासाठी इतका आरडाओरडा
मी वीस वर्षांत ऐकला नव्हता.

संध्याकाळी फळ्यावर पिवळ्याखाली अठ्ठेचाळीस लिहिले.
ती दप्तर घेऊन निघाली होती, थबकली.
"सर, सेहेचाळीस. हे दोन कसले?"

जूनचे, म्हणायचं होतं.
म्हणालो, "तुला कुठला खेळ हवाय, ते तेव्हा विचारलंच नव्हतं."

तिनं जरा वेळ माझ्याकडे पाहिलं.
मग डाव्या तळव्यानं आठ पुसला,
माझ्या हातातला खडू घेतला
आणि तिथं सहा लिहिला, ठसठशीत.
"कॅरम," म्हणाली,
आणि खडू परत दिला.