भाड्याचा उजेड

तासाला पंधरा सोल ठरले, पेट्रोल वेगळं.
जायचं कुठे? मी विचारलं.
कुठेच नाही, येसेनिया म्हणाली, नुसतं उभं राहायचं.
तिला माझी मोटोटॅक्सी नको होती,
तिचा पुढचा दिवा हवा होता.

सामान सगळं मीच वाहिलं, म्हणून सांगतो:
एक मोबाइल, कोपऱ्याला तडा,
पण भिंग शाबूत आहे, हे ती दोनदा बोलली.
तांदळाची पिशवी, तिच्या खळग्यात मोबाइल बसवला
की भूकंपातही हलणार नाही.
फ्रिजच्या खोक्यातून निघालेलं थर्माकोल.
बेकरीतला पातळ कागद, कपड्यांचे चिमटे,
आणि न्हाणीघराचा पांढरा पडदा, त्यावर निळे मासे.
मासे भिंतीवर उमटतील की, मी म्हटलं.
दूर धर, म्हणाली,
दूर गेलं की सगळंच विरघळतं.

लीमात एक दुकान आहे म्हणे,
तिथला एक दिवा माझ्या अख्ख्या गाडीच्या किमतीचा,
काच पुसायचं फडकंसुद्धा डबीतून देतात.
ती भाव विचारून आली होती, हात लावून आली होती.
तासभर जळूनही गार असतो, म्हणाली,
आवाजात कौतुक होतं, हेवा नव्हता.
होता थोडा.

माझा दिवा पिवळट. इंजिन बंद केलं की मलूल होतो,
चालू ठेवलं तर फटफट रेकॉर्ड होते.
यावर अर्धा तास गेला, तो मी धरला नाही.
शेवटी ठरलं, बॅटरीवर वीस मिनिटं,
मग गाडी ढकलत न्यायची.
वांताला उतारांची कमी नाही.

फोर्तुनाताबाई बाजारात आवोकाडो विकतात.
त्यांना फक्त दारात उभं राहायचं होतं,
मुलाची वाट बघणारी आई म्हणून.
संवाद एकही नाही.
मी दिवा लावला. भिंत उजळली, बाई उजळल्या,
शालीचा धागान् धागा मोजून घ्यावा असा.
येसेनिया खूश. मीही, खोटं कशाला बोलू.

बंद कर, बाई म्हणाल्या.

त्या रात्री वीज नव्हती,
डोंगरावरचा मनोरा पाडला होता.
दारात कोण आलं ते दिसलंच नाही मला.
बुटांवरून कळलं.

कोणी काही बोललं नाही.
खाली कुठेतरी कुत्रं भुंकत होतं, तेही थांबलं.
मोबाइलला अंधारात दिसत नाही गं मामाय,
येसेनिया हळूच म्हणाली, दाणे येतात चित्रात.
येऊ देत, बाई म्हणाल्या.

मग मी दिव्यावर बेकरीचा कागद लावला, एक घडी.
अजून कमी, त्या म्हणाल्या.
दुसरी घडी. अजून.
चौथी, पाचवी, चिमटे संपले, मी हाताने धरला,
बोटं भाजायला लागली.
सहाव्या घडीला त्यांनी मान वर करून
भिंतीकडे पाहिलं, खूप वेळ.
हं, म्हणाल्या. एवढाच चंद्र होता.

अकरा मिनिटं चित्रण झालं.
पडद्यावर मला दिसली ती मुंग्यांची रास,
आणि त्या राशीतून कडीवर गेलेला एक हात.
कडी उघडली की लावली, ते कळलं नाही.
मी विचारलं नाही.

पंधरा सोल पूर्ण घेतले. गाडीचा हप्ता माझ्याही मागे आहे.
येसेनियाने नाणी मोजली, चिल्लरच बरीच,
आणि तांदूळ बाईंना देऊन टाकले.

कागद काढायचा राहिला.
पहाटे बसस्टँडवरचं पहिलं गिऱ्हाईक म्हणालं,
अहो, दिवा बदला, रस्ता दिसत नाही.
बदलतो, म्हटलं,
आणि तसाच, सावकाश, खाली उतरलो.