पडण्याची नोकरी

वूच शहरात, जिथे पूर्वी सुताच्या कांड्या भरत,
त्या लाल विटांच्या गिरणीत आता मी पडतो.
सोमवार ते शुक्रवार, नऊ ते चार.
अंगाला चिकटलेला काळा पोशाख,
त्यावर त्रेपन्न पांढऱ्या गोळ्या, बोरांएवढ्या,
आणि छतावरून रोखलेले कॅमेरे
ज्यांना माझा चेहरा नको असतो.
फक्त सांधे.

छातीत गोळी लागून पडणे.
पाठीत बाण लागून पडणे.
जिन्यावरून. पुलावरून. घोड्यावरून,
घोडा म्हणजे पिंप, त्यावर घोंगडी.
पडलो तरी नाक वर, असं म्हणणाऱ्याने
कधी पडून बघितलेलं नसतं:
हनुवटी छातीला, नाहीतर मान गेली.
काचेमागून दोब्रोख्ना म्हणते,
‘झेमोवित, पुन्हा एकदा. जरा कमी दुःखाने.’

कमी दुःखाने पडायला शिकण्यात
माझी अकरा वर्षं गेली.

शनिवारी कालिना खेळायला बसते
आणि मी मागे बिटाचं सूप ढवळत उभा असतो.
खोटं कशाला बोलू, सुंदर आहे ते.
बटण दाबणं आणि उडी सुटणं
यांच्यामध्ये श्वासाचीही फट नाही.
तलवार लागते तेव्हा सगळं निमिषभर थबकतं,
आणि त्या थबकण्यातून
प्लास्टिकच्या खेळण्याला लोखंडाचं वजन येतं.
शाळेत फळ्यापाशी जाताना खांदे पाडणारी माझी पोरगी
इथे दरीवर झेप घेते, चुकते, मरते,
झेप घेते, मरते,
सत्तावीस वेळा, आणि कोणी हसत नाही.
अठ्ठाविसाव्या वेळी पलीकडच्या कड्याला तिची बोटं लागतात.
इतकी क्षमा करणारी शाळा
मला मिळाली असती तर मी गणितात पास झालो असतो.

पण मग ती गावात शिरते.
पाववाला म्हणतो, ‘थंडी वाढतेय, मुसाफिरा.’
मागे त्याचं छप्पर पेटलेलं असतं.
‘थंडी वाढतेय, मुसाफिरा.’
शंभर घरं, दार उघडतं एकाचंच.
खुर्च्यांवर नक्षी काय सुरेख, पण बसायची सोय नाही.
कोपऱ्यात गेलं की नजर भिंतीत घुसते
आणि भिंतीच्या आत काहीच नसतं,
चुना नाही, वीट नाही, पाल नाही.
शेवटचा राक्षस तीनदा मरून चौथ्यांदा उठतो,
सूप उतू जातं, तो मरत नाही.
आणि जग वाचवायचं तर रीत एकच:
समोर येईल त्याला पाड.

समोर येतो तो मीच.
बर्फातला पहारेकरी मी, वाळवंटातला दरोडेखोर मी,
डोकं डुकराचं लावलं तरी कंबर माझी.
दहा सेकंद पडून राहतो, मग विरून जातो,
कारण मेलेले फार झाले तर मशीनला जड होतात.

‘बाबा,’ कालिना पडद्यावरून डोळे न काढता म्हणाली,
‘हे सगळे डावा गुडघा वाचवत पडतात.
मरायचंच आहे, तर गुडघा कशाला?’

मी गॅस बारीक केला.
दुसरं काय करणार होतो.

मंगळवारी ट्रामच्या थांब्यावर बर्फावरून पाय सटकला.
अकरा वर्षांची विद्या, आणि पडलो कसा,
तर कपाटातून गादी पडावी तसा.
हनुवटी वर, हात भलतीकडे, गुडघा आधी.
दोब्रोख्नाने हे घेतलं नसतं.
आकाश राखाडी होतं. मी मोजलं:
आठ. नऊ. दहा.
अकरा.
होतो तिथेच. चांगलाच जड.

एका बाईने बटाट्यांची पिशवी खाली टेकवली,
म्हणाली, ‘थंडी वाढतेय, नाही?’
आणि हातमोजा काढून
हात पुढे केला.