आराम, एक ते दहा

अशोक चौकात, दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर
कूलर नुसताच घुरघुरतो.
नरसव्वा मेरगूंच्या उजव्या हातावर मी यंत्र चढवते:
पाच बोटांना पाच दोऱ्या, मनगटाला पट्टा,
पट्ट्याच्या पोटात घाम मोजणाऱ्या दोन टिकल्या,
कोपराखाली तिसरी, स्नायूची कुजबुज ऐकणारी.

"आवळतंय का कुठं? एक ते दहात सांगा."
"बरं हाय की."
"आकडा सांगा, मावशी."
"तूच लाव तुला पायजे तो."

पडद्यावरची रेघ मात्र चढत जाते.
पट्टा एक घर सैल करते. चढतेच.
दोऱ्या ढिल्या करते. चढतेच.
नोंद करायला पेन उचलते
तर रेघ ताडकन उभी.

पेन?
खाली ठेवते. रेघ बसते.
पुन्हा उचलते.

"चेकर असाच कानावरनं पेन काढायचा," त्या म्हणतात.
एक्केचाळीस वर्षं, रोज हजार विड्या,
त्यातल्या सत्तर-ऐंशी बाजूला सारायचा: छाट.
छाटीला मजुरी नाही,
आणि छाट घरी न्यायचा तोच.
"तवापासनं कुणी मोजाया लागलं की तळहात वला.
पानं भिजवाया येगळं पाणी लागायचं न्हाई बघ."

पेन पर्समध्ये टाकते, पर्स टेबलाखाली.
आता रेघेत उरलं ते फक्त पट्ट्याचं:
मनगटाच्या हाडावर त्याची कड, बारीक, हट्टी,
जी तीन आठवडे कुठल्याच आकड्यात आली नव्हती.

त्या डाव्या हाताने पिशवी चाचपतात.
धाकट्याच्या मागावरचा टॉवेलचा तुकडा,
मोराची मान चुकलेला, म्हणून विक्रीला न गेलेला.
घडी करून पट्ट्याखाली सरकवतात.
टिकल्या कापडावर टेकतात
आणि रेघ गायब.
यंत्राच्या मते मनगट उरलेलंच नाही.

मी ओरडणार होते.

तेवढ्यात कोपराखालची तिसरी टिकली हलली.
एक लहानशी लाट. थांबली. अजून एक.
अंगठा तर्जनीवर घसरतोय,
दोरीच्या ओढीआधीच,
नसलेल्या विडीचं तोंड दुमडतोय.
मार्चपासून हा अंगठा
चमच्यालासुद्धा ओळख देत नव्हता.

"किती झाल्या गं?"
"मोजल्या नाहीत, मावशी."
"मोज की," डोळे मिटूनच,
"तू काय छाट काढणार हाईस व्हय?"